तुझ्या स्कूटरचा वरचा बोल्ट

प्रिय ताई,

सोमवारी तुझ्या स्कूटरचा पुढचा ब्रेक खोलला. आज शुक्रवार. या चार दिवसांत काय काय झालं ते तुला सांगितल्याशिवाय उद्याचं काम माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून लिहायला बसलो. पत्र लिहायचा मला किती सराव आहे ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? शाळेत मामांना पत्र, मित्राला पत्र, सगळी तुझ्याच वहीतून उतरवलेली. गॅरेजचं शटर अर्धं ओढून घेतलंय. बाहेर दोघे जण हॉर्न वाजवून निघून गेले. जाऊ देत.

चैत्रात तू गेलीस. अंगणात मोहफुलं वाळत घातली होतीस, त्यातला काडीकचरा वेचता वेचता कुशीवर कलंडलीस आणि संपलं. नाकाडोंगरीहून आंबागडला यायला मला असा किती वेळ लागतो? पण मी पोचलो तेव्हा बायकांनी तुला आंघोळ घालून नवं लुगडं नेसवलं होतं. मी पायांवर डोकं ठेवलं. डावा पाय उजव्यापेक्षा बोटभर आखूड. त्या पायाकडे माझ्याच्यानं बघवेना, आणि का बघवेना हे तिथं जमलेल्या माणसांत माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नव्हतं. तुलाही कधी ठाऊक नव्हतं, असंच मी धरून चाललो होतो.

तुझ्या मयुरीला तुमसरला नर्सिंगला जागा मिळाली, हे तुला कळलं असतं तर तू अख्ख्या आंबागडला चहा पाजला असतास. रोज जायचं-यायचं म्हणून भाऊजींनी तुझी स्कूटर माझ्याकडे आणून सोडली. म्हणाले, पोरगी चालवणार आहे, सगळं खोलून पाहून द्या. सगळं खोलून! सहा वर्षं मी त्या स्कूटरचं सगळं खोलत होतो, फक्त एक जागा सोडून.

आता ती जागा. सहा वर्षांपूर्वी तू भाऊबीजेला आलीस आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गावची मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. मंडईच्या दिवशी मिस्त्रीला पाणी प्यायला फुरसत नसते. घरोघरी पाहुणे, आणि प्रत्येक पाहुण्याची गाडी नेमकी त्याच दिवशी बिघडलेली. चौकात दंडारीचं नाचगाणं सुरू झालं होतं, ढोलकीचा आवाज गॅरेजपर्यंत येत होता, आणि माझं अर्धं ध्यान तिकडेच होतं. तू म्हणालीस, पुढचा ब्रेक करकरतो, मी निघायच्या आधी तेवढं पाहून दे.

पॅड बदलले. पुढच्या चाकाच्या चकतीला जो चिमट्यासारखा धरतो तो ब्रेकचा जबडा दोन बोल्टांवर बसतो, एक वर, एक खाली. ते बोल्ट किती आवळायचे हे मोजून सांगणारा पाना मिळतो, पण मी तो कधी घेतला नाही. असे पाने वापरणाऱ्यांना मी हसायचो. मला मनगटाला कळतं म्हणायचो, आणि पान्यावर लांब पाइप चढवून जोर लावायचो. आठवतं ना तो पाइप? खालचा बोल्ट तसाच आवळला. वरचा आवळता आवळता एकाएकी हलका झाला. भोक ॲल्युमिनियमचं, मऊ. आतले आटे खरवडून निघाले आणि बोल्ट जागच्या जागी नुसता फिरायला लागला. चुडी मेली, म्हणतो आम्ही.

त्याचा इलाज मला येत नव्हता असं नाही. भोक थोडं मोठं करायचं, नवे आटे पाडायचे, त्यात पोलादी तारेची वेटोळी बसवायची, की बोल्ट पुन्हा पक्का. पण वेटोळी तुमसरहून आणावी लागली असती. म्हणजे मला एवढंच म्हणायचं होतं, ताई, माझ्या हातून आटे गेले, आजचा दिवस थांब. तू तर हसत थांबली असतीस गं! माहेरी एक दिवस जास्त राहायला तुला कारणच हवं असायचं. मी काय केलं? विजेच्या वायरीतून तांब्याचे चार केस काढले, दुमडून भोकात घातले आणि त्यावर बोल्ट फिरवला. बसला. हलवून पाहिला, हलला नाही. तू विचारलंस, पक्कं झालं ना बंड्या? मी म्हणालो, एकदम फस्क्लास.

पुढे तीन आठवडे होते माझ्याकडे. रोज म्हणायचो, उद्या फोन करतो. पण गाडी परत आण म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं. तालुक्यात आपल्या हाताचं नाव आणि बहिणीच्याच गाडीवर हात चुकला, हे कोण सांगणार? वेळ नव्हता असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगून पाहिलं. खोटं आहे ते. तोरा होता नुसता.

धान कापणीच्या दिवसांत तू पडलीस. एका बाळंतिणीकडे निघाली होतीस, आशाताईचं तुझं काम, थांबून चालायचं नाही. तलावाच्या पाळीवरून उतार लागतो तिथल्या वळणावर तू ब्रेक दाबलास आणि गाडीसकट खाली आलीस. धानाच्या बांधीत कापणी करणाऱ्या बायकांनी तुला उचललं. खुब्याचं हाड मोडलं होतं. तुमसरच्या दवाखान्यात मी धावत आलो, तर तू कण्हत कण्हत सगळ्यांना सांगत होतीस, रानडुक्कर आडवं आलं. काळं होतं, एवढं मोठं होतं. मला पाहिल्यावर पुन्हा पहिल्यापासून सांगितलंस.

त्या डुकराचे मी किती आभार मानले असतील! पण रात्रंदिवस मनात एकच, खरंच डुक्कर होतं की माझा बोल्ट? गाडी भाऊजींनी टेम्पोत घालून परस्पर तुमसरच्याच एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे नेऊन ठेवली होती. मला कोणी काही बोललं नाही. हँडल वाकलं होतं, सरळ केलं, एवढंच कानावर आलं. म्हटलं, बोल्टाचं काही असतं तर मिस्त्री बोलला नसता का? आणि विषय मिटवून टाकला. म्हणजे तोंडानं मिटवला.

मग ते डुक्कर गावानं पाळलं. सांजेला त्या वळणावरून जाताना बायका पोरांना हाताशी धरायच्या, ताईचं डुक्कर येते म्हणायच्या. वनखात्यात भरपाईचा अर्ज कर म्हणून गावातल्या पाच जणांनी तुला सांगितलं. तू काही केल्या अर्ज करेनास. मी तर तुझ्यावर चिडलो होतो, एक सही करायला तुझं काय जातं म्हणून. आता कळतं. आम्हाला खोटं सांगणं तुला जमलं, सरकारी कागदावर लिहून देणं जमलं नाही.

किती मूर्ख असावं माणसानं! पुढे तू काठी टाकलीस, पाय ओढत चालायला लागलीस, पुन्हा स्कूटर चालवायला लागलीस. दर दोन-तीन महिन्यांनी ती माझ्याकडे आणायचीस आणि दर वेळी म्हणायचीस, "पुढचं ठीक हाय, बंड्या. मागचंच पाह्य." मलाही तेच हवं होतं. पुढच्या ब्रेकचे पॅडसुद्धा मी नुसती पिन ओढून बदलायचो, त्या दोन बोल्टांना हात लावायचा नाही. बाहेरून पाहायचो, तेच जुने काळे बोल्ट, तीच धूळ. आत माझे तांब्याचे केस असतील याची भीती वाटायची आणि तरी तुला गाडी देऊन मोकळा व्हायचो. ताई, हे लिहिताना माझी मलाच शिसारी येतेय.

सोमवारी पाना लावला. मयुरी बसणार म्हटल्यावर ती जागा सोडून देणं मला शक्यच नव्हतं. वरचा बोल्ट निघाला तो सुरेख निघाला, एकसारखा, अडखळला नाही. भोकात टॉर्च मारला. तांबं नव्हतं. पोलादी तारेची वेटोळी बसवलेली होती, अगदी कडेला कड मिळवून. म्हणजे दुसऱ्या कोणीतरी माझं काम उघडून पाहून दुरुस्त केलं होतं.

मंगळवारी तुमसरला गेलो. म्हातारे मिस्त्री अजून काम करतात, आता नजर कमी झालीय. स्कूटर सांगितली, लंगडणारी बाई सांगितली, त्यांना लगेच आठवलं. म्हणाले, गाडी आली तेव्हा वरचा बोल्ट जागेवर नव्हताच, भोकात तांब्याचे तुकडे होते. बोल्ट गळून जबडा फिरला होता, चाकात अडकून चाक जाम झालं होतं. डुक्कर कसलं? त्यांनी डुकराचं नावही ऐकलं नव्हतं. मग म्हणाले, कुबडी घेऊन बाई स्वतः आली होती. बोल्ट कसा गळला ते त्यांनी तुला सगळं सांगितलं. हे कोणा कच्च्या मिस्त्रीचं काम आहे असंही म्हणाले. तू ऐकून घेऊन म्हणालीस, "कच्चा नाही जी तो. माहा भाऊ हाय. कोणाले सांगू नोका."

एवढ्यावर भागलं नाही. मिस्त्रींनी नवा चकचकीत बोल्ट लावला होता. तो तू काढायला लावलास! जुन्या गाडीचा एखादा काळा पडलेला लावा म्हणालीस, गाडी माझा भाऊच बघतो, नवा बोल्ट दिसला की त्याला कळेल. म्हाताऱ्यानं भंगाराच्या डब्यातून शोधून काढला आणि तू तिथंच बसून त्यावर धूळ-ग्रीस चोळलंस. मिस्त्री हे हसत हसत सांगत होते. मी काय करावं, तूच सांग. त्यांच्या दुकानासमोर, भर बाजारात, पंचेचाळीस वर्षांचा माणूस तोंडाला रुमाल लावून रडलो.

काहून गं ताई? काहून नाही बोललीस? चार माणसांत माझी लाज काढली असतीस, दोन थोबाडीत दिल्या असत्यास, वर्षभर बोलली नसतीस, तरी चाललं असतं. तू माझी लाज राखलीस आणि मी सहा वर्षं तुझ्याकडे चोरासारखा येत राहिलो. दर भाऊबीजेला तू ओवाळायचीस, मी वाकून पाया पडायचो. डाव्या पायावर माझं कपाळ जरा जास्तच टेकायचं. मी मनातल्या मनात माफी मागायचो आणि समजायचो, तिला वाटेल भाऊ रीतीनं पाया पडतोय. एकदा तू डोक्यावर हात ठेवून म्हणाली होतीस, पुरे झालं रे, ऊठ. मी ते साधंच समजलो. तू साधंच म्हणाली होतीस का? आता कोणाला विचारू?

मला तुझा रागही येतोय, खरं सांगतो. तुझ्या खुब्याचं हाड, तुझी चाल, तुझं सायकलसारखं भराभर चालणं सगळं गेलं, आणि त्याबद्दल माझ्यावर ओरडायचा हक्क तू वापरलाच नाहीस. मला एकदा तरी बोलू द्यायचं होतंस. पण बोलायला तर मीच हवं होतं. तुझं काय चुकलं?

बुधवारी आंबागडला गेलो. भाऊजी बांधीकडे गेले होते, मयुरी एकटीच घरी. मी दारातच वाकलो आणि तिच्या पायांना हात लावून माफी मागितली. तिला कळलं का? कसं कळणार! आपल्याकडे मामा भाचीच्या पाया पडतोच. पाळण्यात होती तेव्हापासून मी तिच्या पाया पडत आलोय. तिनं सवयीनं पाय मागे घेतले आणि म्हणाली, बसा मामा, चहा मांडते. मी तसाच उंबऱ्याशी उभा. जगात दुसऱ्या कोणाची माफी मागायची असती तर वाकून काम झालं असतं. हिच्यापुढे वाकून उपयोग नव्हता, तोंडानंच बोलावं लागणार होतं. आणि तुझ्यापुढेही तेच होतं, मी सहा वर्षं फक्त वाकलो.

बोललो. तांब्याच्या केसांपासून काळ्या बोल्टापर्यंत सगळं. चहा उतू गेला, तिनं गॅस बंद केला, पण मधे एकदाही मला थांबवलं नाही. संपल्यावर विचारलं, आईला माहीत होतं? मी हो म्हणालो. मग ती जे बोलली ते तुला जसंच्या तसं सांगतो. "सहा वर्षं आई माह्यासमोर पाय ओढत चालली, मामा. तुमी दर वर्षी ओवाळून घ्याले येत होते." आवाज चढवला नाही. तुझी पोरगी आहे. मी काही न खाता-पिता परत फिरलो, तिनं थांबवलं नाही.

वाटलं, आता स्कूटर दुसऱ्याकडे जाईल आणि ते बरोबरच होईल. पण काल सकाळी ती गॅरेजात हजर. म्हणाली, गाडी तुम्हीच करा, पण मी समोर बसून बघणार. ऑइलचा रिकामा डबा उपडा घातला आणि बसली. ताई, पंचवीस वर्षं गाड्या करतोय, पण माझं काम असं समोर बसून कोणी कधी तपासलं नव्हतं.

खालच्या भोकाचे आटेही अर्धे गेले होते. माझ्याच पाइपाचा प्रताप. तिथं वेटोळी बसवायची होती, ती आणि मोजून आवळायचा पाना, दोन्ही तुमसरच्या मिस्त्रींनीच दिलं होतं. ती एकेक विचारत गेली. ड्रिल सरळच का धरायचं, आटे पाडताना अर्धा वेढा पुढे आणि पाव वेढा मागे कशाला, तेल का सोडायचं. मी शाळेतल्या पोरासारखा उत्तरं देत होतो. हवा मारून भोक साफ केलं आणि वेटोळी उचलली, तर तिनं मोबाइलची बत्ती धरून वाकून पाहिलं. म्हणाली, तळाला एक कीस राहिलाय. होता, ताई! केसाएवढा. मला दिसला नव्हता. पुन्हा साफ केलं, तिनं पुन्हा पाहिलं, मगच वेटोळी बसवू दिली.

बोल्ट आधी बोटांनीच बसवले, शेवटचं आवळणं तिनं स्वतः केलं. मोजायचा पाना कट् वाजला की थांबायचं, एवढं मी सांगितलं. वाजला, ती थांबली. मी सवयीनं अजून थोडं म्हणणार होतो. म्हणालो नाही.

स्कूटर रस्त्यावर नेऊन तिनं पुढचा ब्रेक चार-पाचदा दाबून पाहिला. मला वाटलं, आता काहीतरी चांगलं बोलेल. तिनं मला माफ केलंय असं मी तुला लिहिणार नाही, कारण तिनं तसं म्हटलेलं नाही. ती म्हणाली ते वेगळंच. दर वर्षी पाऊस गेला की भाऊजी कोयता घेऊन त्या वळणावर जातात, हे तुला माहीत होतं का गं? रायमुनियाची झुडपं रस्त्याच्या दोन्ही अंगांनी छाटतात. त्यातून पुन्हा डुक्कर निघून कोणाची बाई पडू नये म्हणून. मागल्या साली अंगात ताप होता तरी गेले. तू त्यांना थांबवायला पाहायचीस, निमित्तं काढायचीस, पण खरं काही सांगायची नाहीस, असं मयुरी म्हणाली. यंदा तू नाहीस तर त्यांनी चार दिवस आधीच कोयत्याला धार लावून ठेवलीय. शनिवारी सकाळी जाणार आहेत.

"बाबाले तुमी सांगा," मयुरी म्हणाली. "मी नाही सांगन." आणि गाडी सुरू करून गेली. तासाभरानं तिचा फोन आला, पोचली एवढंच बोलली. मला तेवढंही पुष्कळ झालं.

आता तुझ्याशी शेवटचं भांडण. तू मिस्त्रींना म्हणालीस, कोणाला सांगू नका. तुझा शब्द मी मयुरीजवळ मोडला, उद्या भाऊजींजवळ मोडणार आहे. तुझं इतक्या जिवानं सांभाळलेलं खोटं उघडं पडेल. भाऊजींना माझा राग येईल तो येईलच, पण आपली बायको आपल्यापाशी सहा वर्षं हे बोलली नाही याचं त्यांना किती लागेल, हा विचार मी कालपासून करतोय. त्यासाठी मला माफ कर. बाकी कशासाठी मी तुझ्याकडे माफी मागत नाही. ती तू कधीची देऊन टाकलीस आणि माझी ती घ्यायची लायकी नव्हती.

वचन देतो ते एवढंच. उद्या उजाडताच मी त्या वळणावर असेन. भाऊजी पहिलं झुडूप तोडायच्या आत त्यांच्यापुढे जाईन. रडणार नाही, वाकणार नाही, सरळ उभा राहून सांगेन. ते मारतील, तोंड फिरवतील, की कोयता टाकून खाली बसतील, ते त्यांचं. मी फक्त म्हणेन, भाऊजी, राहू द्या ही झुडपं. इथं डुक्कर कधी आलंच नव्हतं. माझा बोल्ट गळला होता.

तुझा धाकटा,
बंडू